बारा रुपये आणि बालसखी

काल सकाळी आमच्या रहाटणीच्या फ्लॅटवर पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी लाटणं थांबवून विचारलं, "दादा, पोराला महापालिकेच्याच शाळेत ठेवू का इंग्लिश मीडियमला घालू? आता म्हणे सरकारी शाळांवर लई पैसा लावतात." पोरगं तिसरीत, वाचताना अजून अडखळतं. मी पडलो इंजिनिअर, म्हणजे सर्वज्ञ! "बघून सांगतो," म्हटलं आणि वीकेंड त्यातच गेला.

शाळेवर जास्त पैसा लावला की मुलं जास्त शिकतात का? प्रश्न आजचा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. पहिला मुद्दा पैशाचाच: सारा भरतो शेतकरी, आणि त्यातून उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गातली मुलं. म्हणून पैसा प्राथमिक शाळांकडे वळवा. शिक्षकाला किमान १२ रुपये पगार द्या, मोठ्या गावात १५ ते २०. पण जोतीराव तिथेच थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी समाजातला, वेळ पडली तर नांगर धरायला न लाजणारा. आणि शाळातपासणी वारंवार हवी, तीही आधी न कळवता. आमच्या भाषेत सांगायचं तर बजेटसोबत रिक्वायरमेंट आणि टेस्टिंगसुद्धा लिहून दिलं होतं!

यातलं नुसतं बजेट उचललं तर काय होतं? इंडोनेशियाने २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणपत्रधारक शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. शिक्षक खूश झाले, पण दोन-तीन वर्षांनी तपासलं तर मुलांच्या गुणांत फरक नाही. शिक्षक तेच, शिकवणं तेच.

मग पैसा वायाच जातो म्हणायचा का? तसंही नाही. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात बाराही वर्षं दर मुलामागे १० टक्के जास्त खर्च झाला, तर मोठेपणीची मिळकत सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघाली. गरीब घरच्या मुलांना फायदा अधिक.

पण सगळ्यात पटलं ते आपल्या मुंबईचं उदाहरण. २००१ ते २००३ दरम्यान 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत रीतसर चाचणी झाली. वस्तीतलीच एखादी तरुणी, महिना साधारण ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन ती त्यांना वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवायची. त्या मुलांचे गुण चांगलेच वाढले. गंमत म्हणजे वर्गात उरलेल्यांना गर्दी कमी होऊनही काही फायदा झाला नाही! म्हणजे पटसंख्या कमी करून भागत नाही, मूल जिथे अडलंय तिथून शिकवावं लागतं. अर्थात, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदाही बराच ओसरला. म्हणजे हा एकदाच करून टाकायचा खर्च नव्हेच.

असो. उद्या मावशींना सांगणार आहे: फी, इमारत, गणवेश नंतर. दोन्ही शाळांत जा आणि एवढंच विचारा, "माझं पोरगं वाचताना अडखळतं, त्याच्याकडे कोण बघणार, आणि रोज किती वेळ?" जी शाळा या प्रश्नाचं नीट उत्तर देईल तिथे घाला. मग ती महापालिकेची का असेना.