सुरू होणे आणि चालू राहणे

जुन्या मोटारीची दुखणी मुख्यतः दोन जातींची. एकात गाडी मुळी सुरूच होत नाही. हे दुखणे त्रासाचे खरे, पण सरळ. बॅटरी उतरलेली असते, पेट्रोल संपलेले असते, नाहीतर ठिणगी पडत नसते. दुसऱ्या जातीत सेल्फ मारताच गाडी सुरू होते, मालकाच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागते, आणि तेवढ्यात दोन गचके देऊन इंजिन बंद पडते. पुन्हा सेल्फ, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असे पाच-सहा वेळा झाले की बॅटरीही मान टाकते आणि भोवती जमलेल्यांपैकी प्रत्येक जण निदान सांगू लागतो. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला,’ असे एक म्हणतो. ‘कॉइल गेली,’ असे दुसरा. दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो; पण आधी काय पाहावे, हे कोणी सांगत नाही.

याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात सापडते. इंजिन सुरू करणे हे एक काम आहे आणि ते चालू ठेवणे हे दुसरे. या दोन कामांच्या सोयी मोटारीत एकदम आलेल्या नाहीत. त्या एकेक करून, निरनिराळ्या अडचणींपायी बसवल्या गेल्या. सुरू होऊन बंद पडणारे इंजिन आपल्याला बहुधा एवढेच सांगत असते की, पहिल्या कामाची सोय शाबूत आहे आणि दुसऱ्या कामाची कोठेतरी तुटली आहे. कोणती सोय कशासाठी आली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला बिघाड कोठे शोधावा हेही कळते.

आरंभ जर्मनीत झाला. कार्ल बेन्झ याने आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट १८८६ च्या जानेवारीत मागितले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची पत्नी बेर्टा हिने नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंतचा शंभरावर किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून तिला इंधन विकत घ्यावे लागले, कारण पेट्रोलचा पंप ही वस्तू तेव्हा जगात नव्हती. या प्रवासात इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे वेष्टण झिजले, तेथे तिने मोज्याचा पट्टा गुंडाळला. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात इंजिनाची दोन दुरुस्ती झाल्या. एक इंधनाची, दुसरी ठिणगीची. पुढच्या शंभर वर्षांत मिस्त्रीने बंद पडलेल्या गाडीला पहिल्यांदा विचारायचे प्रश्न हेच दोन राहिले.

आता इंधनाची बाजू पाहू. बेन्झच्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि जाताना वाफ बरोबर नेई. या मिश्रणाचे प्रमाण हवामानाप्रमाणे आणि टाकीतल्या पातळीप्रमाणे बदले. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख याने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेत सोडणारा कार्बोरेटर केला. त्यात एक लहानशी वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट होता. घरातल्या पाण्याच्या टाकीत गोळा वर आला की नळ बंद होतो, तसाच हा फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट सुईने बंद करतो. एंजिनाजवळच पेट्रोलचा छोटासा साठा कायम राहू लागला, ही मोठीच सोय झाली.

पण या सोयीनेच एक नवा चकवा निर्माण केला. टाकीकडून थेंबही येत नसला, तरी वाटीतल्या शिलकीवर इंजिन खुशाल सुरू होते, शिल्लक संपेपर्यंत चालते आणि मग मरते. मालक म्हणतो, ‘पेट्रोल येत नसते तर सुरू कशी झाली असती?’ ती सुरू झाली कालच्या पेट्रोलवर!

चोकचा चकवाही असाच. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण दाट करायचे. इंजिन चोकवर चालते आणि चोक आत ढकलताच बंद पडते, असे गरम झाल्यावरही होत राहिले, तर चालण्यापुरते पेट्रोलही मिळत नाही असे समजावे. संथ गतीचे जेट तुंबलेले असते, किंवा कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून चोरटी हवा शिरत असते. दाट मिश्रणाने हा दोष तेवढा वेळ झाकलेला असतो.

ठिणगीच्या बाजूचा इतिहासही असाच दुहेरी आहे. बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. तो इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज तयार करी, बॅटरीची गरज ठेवत नसे. पण हँडल मारताना इंजिन मंद फिरते, तेव्हा मॅग्नेटोची ठिणगी दुबळी पडते. म्हणून १९०८ साली आलेल्या आणि १९२७ पर्यंत दीड कोटींवर निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बॅटरी जोडलेली असली, की सुरू करताना बटण बॅटरीकडे वळवीत आणि इंजिन चालू लागले की मॅग्नेटोकडे. ते वळवताच इंजिन मेले, तर दोष मॅग्नेटोत आहे हे शेंबड्या पोरालाही कळे.

पुढे चार्ल्स केटरिंग याने १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ स्टार्टर दिला आणि हँडलची दगदग संपत चालली. पण सेल्फ बॅटरीतून इतका प्रवाह ओढतो, की त्या वेळी कॉइलला पुरता दाब मिळत नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन मोटारी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या, तेव्हा अनेक कंपन्यांनी यावर एक युक्ती काढली. कॉइल कमी दाबाची घ्यायची आणि एरवी तिच्या वाटेत एक रोधक घालून बॅटरीचा दाब उतरवायचा. मात्र किल्ली सेल्फवर असेपर्यंत रोधक टाळून वीज सरळ कॉइलला पोचवायची. हा रोधक जळाला, की किल्ली दाबून धरलेली असताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच क्षणात मरते. मॉडेल टीच्या बटणाचाच हा नवा अवतार. फरक इतकाच, की बटण आता किल्लीच्या आत दडले होते, आणि दडल्यामुळे लोक विनाकारण कार्बोरेटर उघडीत बसत.

टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचवणे, हे तिसरे प्रकरण. मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या बैठकीखाली असे आणि पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जाई. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की इंजिन टाकीहून वर जाई आणि उपाशी मरे. तेव्हा चालक गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये चढ चढत! पुढे इंजिनावर बसवलेला डायफ्रॅमचा पंप आला आणि टाकी खुशाल मागे गेली.

हा पंप आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झाला तो फियाटमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन मोटारी जोडल्या गेल्या आणि पुढे फियाट. तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण ठरून गेले. या गाड्यांचा पंप तापलेल्या इंजिनाच्या अंगाला चिकटून असे. उन्हाळ्यात घाट चढून माथ्यावर गाडी थांबवावी, चहा घेऊन यावे, गाडी सुरूही व्हावी, आणि फर्लांगभर जाऊन बंद पडावी, हा अनुभव त्या पिढीत कित्येकांनी घेतला. थांबलेल्या इंजिनाची उष्णता पंपात आणि नळीत शिरून पेट्रोलची वाफ होई. पंप वाफच ओढीत बसे, आणि वाटीतली शिल्लक संपली की खेळ खलास. मग चालक पंपावर ओले फडके टाकी. फडक्यातले पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जाई, वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. या फडक्यात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा सामावलेला होता.

या साऱ्यावरून निदानाचे एक सूत्र हाती लागते: इंजिन किती वेळ जगले, ते पाहावे. किल्ली सोडताच मेले, तर ठिणगीची चालू वाट तपासावी. चोक ढकलताच मेले, तर जेट आणि चोरटी हवा. थोडा वेळ नीट चालून उपाशी मेले, तर वाटीत पेट्रोल येते की नाही ते पाहावे. म्हणजे पंप, गाळणी आणि नळी. दहा-पंधरा मिनिटांनी मेले, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा सूं करून आत शिरली आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचे भोक बुजले होते. पेट्रोल गेले त्या जागी हवा येईना, म्हणून पेट्रोलही येईना. झाकण निर्दोष निघाले, तर तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर संशयित. मात्र गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळी सोडताना विडीकाडी दूर ठेवावी, हे सांगायला इतिहास लागत नाही.

एक नवे कारणही आता जमेस धरावे लागते. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे या मिश्रणासाठी केलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या टाकीतला गाळही सुटा करते. म्हणून अशा गाडीची गाळणी आणि नळ्या पहिल्याने पाहाव्यात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. त्याआधीच नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला होता आणि त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी योजना आली होती. तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ती कमी धूर सोडते आणि क्वचित बंद पडते. पण जुनी गाडी ज्यांनी हौसेने जपली आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. सुटा भाग परदेशातून मागवता येतो. इंजिन केव्हा मेले हे विचारणारा मिस्त्री मागवता येत नाही. तो नसला की निदानावाचून भाग बदलले जातात. कार्बोरेटर नवा येतो, पंप नवा येतो, कॉइल नवी येते, आणि गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडते. कुर्ल्यातल्या, लॅमिंग्टन रोडच्या, गावोगावच्या गॅरेजांतल्या वृद्ध मिस्त्र्यांजवळ हे शहाणपण अजून आहे. त्यांच्यापैकी कोणी भेटला, तर गाडी त्याच्या हवाली करून निघून जाऊ नये. शेजारी उभे राहावे, आणि तो काय पाहतो यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहतो, ते लिहून घ्यावे.