फिरंग, पोलाद आणि तिखे : वऱ्हाडातील पात्यांच्या देवघेवीचा शब्दांतून दिसणारा इतिहास

इ. स. 2025 च्या एप्रिल महिन्यात लंडन येथे सदबीज या संस्थेच्या लिलावात एक तलवार विक्रीस आली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे 47 लक्ष 15 हजार रुपयांस विकत घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात ती मुंबईस पोहोचली. तलवार नागपूरकर भोसले घराण्यातील रघूजीची. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले आहे. मूठ मात्र दख्खनी घाटाची असून तिजवर सोन्याचे कोफ्तकाम आहे. पात्याच्या पाठीवर मुठीनजीक देवनागरी अक्षरांत सोन्याने मालकाचे नाव कोरले आहे, पुढे ‘सेनासाहेबसुभा’ हे पद आहे आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द आहे.

या घराण्यात पुढे आणखी दोन रघूजी होऊन गेले आणि लेखात क्रम दिलेला नाही. तथापि तलवार पहिल्या रघूजीची (1695-1755) मानली गेली आहे, आणि प्रस्तुत विवेचनापुरते ते गृहीत धरण्यास हरकत नाही. महत्त्वाचा आहे तो लेखातील शेवटचा शब्द. तलवार मायदेशी आली तेव्हा जो आनंद व्यक्त झाला तो रास्तच होता. परंतु त्या आनंदाच्या भरात पात्याचे परदेशी मूळ काहींस अडचणीचे वाटले, तर काहींनी त्याचा उल्लेखच टाळला. ज्याच्या कमरेला ती तलवार होती त्याला मात्र ही अडचण कधी वाटली नसावी. अन्यथा त्याने ‘फिरंग’ हा शब्द सोन्याने कोरवून घेतला नसता.

रघूजीच्या उदयाचा आरंभ यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवर झालेला आहे. त्याचा चुलता कान्होजी भोसले याने सातारा दरबाराशी बिनसल्यावर या जिल्ह्यातील भाम येथे आपले ठाणे केले होते. शाहूच्या आज्ञेवरून रघूजीने त्याजवर चाल केली, आणि 1730 च्या सुमारास वणीजवळील मंदर येथे कान्होजी त्याच्या हाती लागला. सेनासाहेबसुभा हे पद चुलत्याकडून पुतण्याकडे आले ते असे. पदाचे नावही पाहण्याजोगे आहे. ‘सेना’ संस्कृत, ‘साहेब’ आणि ‘सुभा’ मुळात अरबी व फार्सीच्या वाटेने मराठीत आलेले. युरोपीय पाते, दख्खनी मूठ, देवनागरी अक्षरे आणि तीन भाषांच्या मुशीतून आलेले पद अशी ही तलवार आहे. तिच्यात शुद्ध एकदेशी असे काही शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही.

‘फिरंग’ हा शब्द ‘फ्रँक’ या जमातीच्या नावावरून अरबी-फार्सीत आला व तेथून भारतीय भाषांत पसरला. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर आल्यानंतर त्यांच्या जहाजांतून युरोपीय पाती येऊ लागली. दख्खनच्या कारागिरांनी त्यांस आपल्या पद्धतीच्या मुठी बसविल्या आणि अशा लांब, सरळ तलवारीस ‘फिरंग’ हेच नाव पडले. (सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात एका नव्या रोगास ‘फिरंगरोग’ म्हटले आहे, एकाच शब्दाने एक शस्त्र आणि एक व्याधी अशा दोन गोष्टी या देशात आल्या.) पाते परक्याचे, मूठ आपली, ही विभागणी तत्कालीन शस्त्रधाऱ्यास स्वाभाविक वाटत होती. पात्याचा गुण त्याच्या पोलादात, आणि मुठीचा गुण धरणाऱ्याच्या पंजाला ती किती बसते यात. मराठा मुठीस हाताच्या रक्षणासाठी परज असे व पुष्कळदा मागे लांब गज जोडलेला असे. त्यास दुसरा हात देऊन दोन्ही हातांनी वार करता येई. युरोपीय पाते लांब असल्याने या सोयीची गरज होतीच. हे ज्ञान व्यवहारातून आलेले होते आणि ते एका शस्त्रधाऱ्याकडून दुसऱ्याकडे, शिकलगाराकडून सरदाराकडे तोंडी जात असे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उत्तम पाते बाहेरून येत होते, याचा अर्थ या प्रदेशाला उत्तम पोलाद ठाऊक नव्हते असा होतो काय? पुष्कळांनी तसा निष्कर्ष काढला आहे आणि आधारासाठी भाषेकडे बोट दाखविले आहे: ‘पोलाद’ हा शब्द फार्सी, ‘चाकू’ तुर्कीतून फार्सीमार्गे आलेला, ‘वस्तरा’ फार्सी ‘उस्तुरा’वरून, ‘शिकलगार’ अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई या शब्दास फार्सी प्रत्यय लागून झालेला. वस्तूंची नावे परकी, तेव्हा वस्तूही परक्या, असा हा युक्तिवाद आहे. तो फसवा आहे. उसना शब्द आला एवढ्याने पूर्वी शब्द नव्हता असे सिद्ध होत नाही.

जुन्या मराठीत पोलादास ‘तिखे’ असे नाव होते; मोल्सवर्थच्या कोशात ते नोंदलेले आहे आणि कोकणीत ते आजही आढळते. हा शब्द संस्कृत ‘तीक्ष्ण’ यापासून आलेला आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील ‘तीक्ष्ण’ तेच हे. जेवणातले ‘तिखट’ही याच मुळाचे. म्हणजे फार्सी शब्द येण्यापूर्वी मराठी बोलणाऱ्याला कठीण, धार धरणारे लोखंड वेगळे ओळखता येत होते व त्यास त्याने वेगळे नाव दिले होते. पुरातत्त्वाची साक्ष याहून पुष्कळ मागे जाते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात बृहत्पाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. विदर्भात ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातच लोखंड गाळले जात होते, याविषयी आता शंका उरलेली नाही.

पोलादाचे मोठे केंद्र यवतमाळच्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे होते. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इंदूर व निर्मळ येथे पोलादाच्या खाणी असल्याचे सांगितले आहे. इंदूर म्हणजे आजचे निजामाबाद. नागपूरहून हैदराबादेस जाणारा रस्ता पांढरकवड्यावरून आदिलाबाद व निर्मळ गाठतो. तेव्हा या जिल्ह्याच्या दृष्टीने हे पोलाद शेजारचेच होते. त्याच ग्रंथात यवतमाळचा परगणा ‘योत-लोहारा’ या जोडनावाने येतो, आणि लोहारा हे गाव आज यवतमाळ शहराला लागून आहे. या नावावरून तेथे लोहारांची मोठी वस्ती होती असे अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु केवळ ग्रामनामावरून एवढे मोठे विधान करणे धोक्याचे आहे.

निर्मळच्या परिसरातील धातुक लोखंडापासून निजामाबादकडील कोनासमुद्रम येथे मुशीत पोलाद कसे तयार करीत, याचे वर्णन निजामाच्या मुलखात भूशास्त्रीय पाहणी करणाऱ्या हेन्री वॉयसे याने केले. ते त्याच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. इराणातील व्यापारी हे पोलाद नेण्यासाठी स्वतः त्या गावी येऊन राहत आणि काम चालू असताना भट्टीजवळ हजर असत. एवढ्या लांबचा प्रवास करून गिऱ्हाईक कारागिराच्या शेजारी बसते, मूस फुटल्यावर निघालेला गोळा पाहते, पारखते, तेव्हा त्याने केवळ माल नेला असे म्हणता येत नाही. त्या बैठकीत शब्दही हात बदलतात. मराठीत शस्त्रास ‘पाणी देणे’, ‘पाणीदार तलवार’ असे म्हणतात. फार्सीत पोलाद तावून विझविण्यास व त्यावर चढणाऱ्या तेजास ‘आब’ म्हणजे पाणीच म्हणतात. ‘आबदार’ आणि ‘पाणीदार’ हे शब्द एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. येथे शब्द उसना घेतलेला नाही, कल्पना घेतली आणि तिला घरचा शब्द दिला. पुढे ती शस्त्रापुरतीही राहिली नाही. माणसाचे पाणी जोखणे हा वाक्प्रचार शिकलगाराच्या दुकानातून निघालेला आहे, हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उलट दिशेने गेलेल्या शब्दाची कथा अधिक चमत्कारिक आहे. मुंबईत वैद्यकी करणाऱ्या हेलिनस स्कॉट याने 1794 मध्ये या देशातील पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स यास पाठविले. बँक्सच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-कात्र्यांच्या कारागिराने त्यातील तुकड्याचा लेखणी तासण्याचा चाकू घडवून पाहिला आणि पसंती दिली. जॉर्ज पिअर्सन याने 1795 मध्ये त्यावर निबंध वाचला. इंग्रजीत या पोलादास ‘वूट्झ’ हे नाव पडले ते याच व्यवहारात. कन्नड-तेलुगूतील ‘उक्कु’ हा मूळ शब्द लेखनाच्या किंवा वाचनाच्या चुकीने असा झाला असावा, हे मत बहुतेकांस मान्य आहे. एका चुकीच्या अक्षराने जगभरच्या धातुशास्त्राला एक पारिभाषिक शब्द मिळवून दिला. पुढे मायकेल फॅरडेने याच स्टोडार्टबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले. त्यांचे निबंध 1820 व 1822 मध्ये प्रसिद्ध झाले. फॅरडेविषयी टिंडलने नमूद केले आहे की, त्या प्रयोगांतून निघालेल्या एका मिश्रधातूचे वस्तरे आपल्या मित्रांस भेट देण्याची त्यास उत्तरायुष्यात हौस होती. निर्मळच्या डोंगरातील पोलादाची कीर्ती आणि लंडनमधील एका शास्त्रज्ञाने मित्रांना वाटलेले वस्तरे यांत सरळ वारसा नाही, पण कुतूहलाचा धागा एकच आहे. पाते ज्याला आवडते त्याला ते दुसऱ्याच्या हाती देऊन त्याचे मत ऐकावेसे वाटते.

मराठ्यांच्या दरबारात पाते देणे याला याहून जड अर्थ होता. प्रधानपद मिळाले म्हणजे वस्त्रांबरोबर शिक्के-कट्यार मिळत असे. शिक्क्याने लेखनाचा आणि कट्यारीने रक्षणाचा अधिकार हाती येई. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय देणे हा त्या कोशाचा हेतू. परंतु त्याने सुचविलेले पर्याय शस्त्रांच्या बाबतीत रुळले नाहीत. सैनिक ज्या शब्दाने शस्त्र मागत होता तो शब्द दरबारी आज्ञेने बदलत नाही.

गावच्या पातळीवर देवघेवीचे स्वरूप वेगळे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत लोहाराने कुणब्याचे फाळ शेवटून द्यावे, विळे-खुरप्यांना धार लावून द्यावी आणि सुगीत खळ्यावरून आपले धान्य न्यावे, अशी रीत होती. वऱ्हाडात या कारागिरास खातीही म्हणतात. येथे प्रत्येक धारेस किंमत नव्हती; वर्षाचा संबंध होता. या स्तरातील शब्द फार्सी नाहीत. विळा, विळी, सुरी, कातर, खुरपे ही नावे घरची वाटतात, आणि ‘सुरी’ व ‘कातर’ यांची संस्कृत मुळे ‘छुरिका’ व ‘कर्तरी’ ही उघड आहेत. परंतु येथेही शेजाऱ्याचा हात दिसतो. ‘अडकित्ता’ हा कन्नडमधून आलेला शब्द आहे, त्याच्या आरंभी सुपारीवाचक ‘अडके’ आहे. ‘कोयता’ हा शब्द द्राविडी भाषांतील कापणे या अर्थाच्या ‘कोय्’ धातूशी जोडतात. आणि विळीस कन्नडमध्ये ‘ईळिगे’ म्हणतात, हे साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. स्वयंपाकघरातील पाते दक्षिणेकडच्या शेजाऱ्याशी बोलते, कमरेचे पाते इराणाशी आणि युरोपाशी. मराठीच्या शब्दसंग्रहातील हे थर एकमेकांवर चढले ते जिंकण्याहरण्यापेक्षा मागण्यादेण्यामुळे अधिक.

या देवघेवीचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात तुटला. परदेशी स्वस्त पोलादापुढे मुशीतील पोलाद टिकले नाही. 1878 च्या शस्त्रकायद्याने गावातील तलवारी परवान्याखाली आल्या. 1959 च्या कायद्यानेही केवळ घरकामाची व शेतीची अवजारे तेवढी शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. कायद्याने अशा रीतीने जो भेद केला, तो विळा व कट्यार या दोहोंना एकाच दगडावर धार लावणाऱ्याच्या लेखी नव्हता. कट्यार उरली ती विधीत: हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार किंवा अडकित्ता देतात, आणि पाचवीच्या पूजेत बाळंतिणीच्या खोलीत विळा वा सुरी मांडतात.

शिकलगार आणि फिरते घिसाडी यांच्याकडे मात्र जुन्या व्यवहाराचा अवशेष शिल्लक आहे. घिसाड्यांच्या बोलीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात ‘तारीमुकी’ या नावाने गुजरातीच्या बोलींत झालेली आहे. दख्खनभर फिरणाऱ्या, मराठीत गिऱ्हाईक करणाऱ्या आणि घरात गुजराती वळणाची बोली बोलणाऱ्या या कारागिरांच्या तोंडी धातूचे रंग, ताव, धार आणि पाणी यांविषयीचे शब्द कोणत्या भाषेचे आहेत, हे आठवडी बाजारात त्यांच्या भात्याशेजारी बसूनच टिपता येईल. लोक ‘घिसाडघाई’ हा शब्द त्यांच्या नावाशी जोडतात आणि तो निंदेने वापरतात. लोखंड लाल असते तोवरच घाव घालावा लागतो. घाई कारागिराची नसते, थंड होणाऱ्या लोखंडाची असते.