आपल्या दाराशी असलेला किल्ला

मंडळाच्या स्मरणिकेसाठी परदेशच्या प्रवासावर चार ओळी लिहा, असा मैत्रिणींचा आग्रह झाला. लिहावयास बसले, तो मनात पारोळाच अधिक येऊ लागले. त्याचे कारण सांगते.

गेल्या वर्षी भाचीकडे चेक देशात, प्राग शहरी जाण्याचा योग आला. तेथे व्लतावा नदीवर सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधावयास घेतलेला दगडी पूल आहे. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचे ग्रहताऱ्यांचे घड्याळ आहे. पुढे क्रुम्लोव्ह नावाच्या लहानशा गावी गेलो. नदीकाठच्या उंच खडकावर तेथला किल्ला, आणि त्याच्या खंदकात अस्वले पाळण्याची जुनी चाल! १९९२ साली ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.

खंदकाच्या कठड्याशी उभ्या असताना भाचीच्या घरमालकीणबाईंनी सहज विचारले, "तुमच्या गावी असे काही आहे का?"

"आहे तर! भुईकोट किल्ला आहे."

"कोणी बांधला?"

भगिनींनो, मला सांगता आले नाही. लग्न होऊन पारोळ्यात आले त्याला तीस वर्षे झाली. किल्ल्यावरून रोज बाजाराला जाते, पण आत एकदाही गेले नव्हते.

परत आल्यावर प्रथम जुने गॅझेटिअर वाचून घेतले. पारोळा पूर्वी अवघ्या पन्नास घरांचे खेडे होते. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी त्याला तटबंदीच्या गावाचे रूप दिले, आणि १७२७ साली हा किल्ला उभारला, असे त्यात नमूद आहे. सपाटीवरच्या किल्ल्याला डोंगराचा आधार नसतो. म्हणून भोवती खंदक खणला. दाराशी उचलता पूल ठेवला. शत्रू आला की पूल वर ओढावयाचा, म्हणजे वाटच नाहीशी! दाराच्या दोन्ही अंगांस भक्कम बुरूज होते. जहागीरदारांचे झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नाते. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या विरुद्ध गेले, असे ठरवून सरकारने जहागीर जप्त केली व किल्ला मोडून टाकला. आज आपण पाहतो ती पडझड नुसत्या ऊन-पावसाची नव्हे. ती त्या शिक्षेची खूण आहे.

नंतर एका सकाळी मी नातीचा हात धरून आत गेले. तिने विचारले, "आजी, खंदकात पाणी का नाही? केर कोणी टाकला?"

काय सांगणार? सासरी आले त्या दिवसांत घरातला केर मीही तेथेच टाकीत असे. आळीतल्या साऱ्याजणी टाकीत, म्हणून मीही. तटाचे दगड इंग्रजांनी पाडले हे खरे. पण खंदक बुजवावयास ते आले नव्हते.

मंडळापुढे माझे एवढेच मागणे आहे. येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपले की एका सकाळी मुलानातवंडांना घेऊन आपण सगळ्याजणी किल्ला पाहावयास जाऊ. दार, बुरूज, खंदक मुलांना दाखवू, सतराशे सत्तावीस हे साल त्यांच्याकडून पाठ करून घेऊ. आणि त्या दिवसापासून आपापल्या घरचा केर खंदकात जाणार नाही, एवढे पाहू.

प्रागच्या त्या बाईंना मी पत्र लिहिले आहे. किल्ला कोणी बांधला ते कळविले. खंदकाचे मात्र अजून लिहिलेले नाही.