तेल नसलेला देश आणि त्याचा धूर

ऑक्टोबर 1973 मधील अरब-इस्रायल युद्ध आपल्या समाजाच्या घराघरांतून एका वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. त्या युद्धात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडला आणि पिंपाला सुमारे 3 डॉलरला मिळणारे तेल जानेवारी 1974 मध्ये 12 डॉलरच्या घरात गेले. आखाती देशांत पैशाचा ओघ सुरू झाला, बांधकामे निघाली आणि कोकणातल्या गावागावांतले तरुण पासपोर्ट काढून तिकडे गेले. कित्येकांची शिक्षणे आणि कित्येक घरांची कौले त्याच पैशावर झाली. त्याच भाववाढीने फ्रान्स देशात काय घडविले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

एखाद्या देशाला कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण झपाट्याने कमी करता येते काय, असा प्रश्न दहावीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला केला होता. पाठ्यपुस्तकातील उत्तर ‘झाडे लावा, दिवे मालवा’ असे आहे आणि ते चुकीचे नाही. परंतु इतिहास शिकविणाऱ्याने, असे कोठे घडले आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. फ्रान्समध्ये ते घडले. गंमत अशी की, ते करताना धूर कमी करणे हा कोणाचाच हेतू नव्हता.

फ्रान्सजवळ स्वतःचे तेल जवळजवळ नाहीच. कोळशाच्या खाणी होत्या, पण त्या आटत चालल्या होत्या. विजेचा मोठा हिस्सा आयात तेल जाळून तयार होई. भाव चौपट झाल्यावर देशाची तिजोरी गळू लागली. तेव्हा 6 मार्च 1974 रोजी पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी दूरचित्रवाणीवरून घोषणा केली की, दोन वर्षांत प्रत्येकी सुमारे 900 मेगावॅटच्या 13 अणुभट्ट्यांची कामे हाती घेण्यात येतील. ‘आमच्याजवळ तेल नाही, पण कल्पना आहेत’ हे वाक्य त्या काळात फ्रान्समध्ये सर्वतोमुखी झाले.

ही कल्पना तरी काय होती? वीज निर्माण करणारी संस्था एकच, 1946 साली राष्ट्रीयीकरणातून निघालेली ईडीएफ. भट्टी बनविणारा कारखानदारही लवकरच एकच उरला, फ्रामातोम. भट्टीचा नमुना त्यांनी स्वतः शोधला नाही, तर अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीकडून परवाना घेतला आणि त्याच नकाशावर एकामागून एक भट्ट्या उभारल्या. एकाच मापाचे पन्नास सदरे शिवणाऱ्या शिंप्याचा हात जसा बसतो, तसा त्यांच्या इंजिनिअरांचा आणि कामगारांचा बसला. 900 मेगावॅटच्या 34, 1300 च्या 20 आणि त्याहून मोठ्या 4 अशा एकूण 58 भट्ट्या झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेक अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत सुरू झाल्या. यासाठी परदेशांतून मोठे कर्जही काढावे लागले. 1973 मध्ये अणुशक्तीपासून देशाची दहा टक्क्यांहूनही कमी वीज मिळे. 1990 च्या सुमारास ती तीन-चतुर्थांशावर गेली. पॅरिस-लियाँ मार्गावर 1981 मध्ये सुरू झालेली अतिवेगवान टीजीव्ही गाडी आधी तेलावर चालणाऱ्या टर्बाइनसाठी आखली होती. तेल महागल्यावर तीही विजेवर आणण्यात आली.

परिणाम असा झाला की, 1979 ते 1988 या काळात फ्रान्सचा कार्बन डायऑक्साइड एक चतुर्थांशाहून अधिक घटला, आणि हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची आयपीसीसी ही समिती तर 1988 सालीच स्थापन झाली! मोटारी आणि ट्रक मात्र तेलावरच राहिले, त्यामुळे पुढची घट सावकाश झाली.

येथवर वाचून पालकांना वाटेल की, आपणही असेच करावे. या कथेची दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक विचार करावयास लावते. मेस्मेर यांची योजना संसदेत चर्चा न होता ठरली. ज्यांच्या गावाशेजारी भट्ट्या येणार होत्या त्यांना फारसे कोणी विचारले नाही. 31 जुलै 1977 रोजी क्रे-माल्विल येथील निदर्शनात पोलिसांच्या हातबाँबने पदार्थविज्ञानाचा एक तरुण शिक्षक मरण पावला. वय 31, म्हणजे जवळजवळ माझ्याएवढेच. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील प्लोगॉफ या गावी 1980 मध्ये लोक कित्येक आठवडे पोलिसांसमोर उभे राहिले. पुष्कळ घरांतील पुरुष दर्यावर गेलेले असत, म्हणून आघाडीवर बायका होत्या. 1981 मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तो प्रकल्प रद्द झाला. युरेनियमचा मोठा भाग नायजेर या गरीब मुस्लिम देशातील आर्लीतच्या खाणींतून येत असे. तेथील लोकांच्या वाट्याला त्यातून काय आले, याविषयी तक्रारी आहेत. किरणोत्सारी कचऱ्याच्या कायमच्या दफनाचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे.

हात बसला होता तो सुटलाही. फ्लामांव्हिल येथील नव्या भट्टीचे काम 2007 मध्ये सुरू झाले; ती 2012 मध्ये व्हावयाची, ती डिसेंबर 2024 मध्ये जोडली गेली. 2022 मध्ये नळांना तडे आढळल्याने अनेक भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि फ्रान्सला चाळीस वर्षांत प्रथमच विकली त्याहून अधिक वीज विकत घ्यावी लागली.

फ्लामांव्हिलच्याच जातीच्या, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 भट्ट्या आपल्या राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर योजिल्या आहेत. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सशी त्याबाबत करार झाले. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी जाईल, या भीतीने साखरी नाटे येथील मच्छीमारांनी विरोध केला. एप्रिल 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातील एकाचा मृत्यू झाला. त्या किनाऱ्यावरची कित्येक घरे आखाताच्या पैशावर उभी आहेत. भट्ट्यांच्या उभारणीला अद्याप सुरुवात झालेली नाही.