विल डे यांचा यंत्रसंग्रह

चित्रपटाचा व्यवसाय मोठा विस्मरणशील. नवे यंत्र आले की जुने अडगळीत पडावयाचे, आणि अडगळीतून मोडीच्या दुकानात जावयाचे. या व्यवसायात राहूनही ज्याने मोडीचा मार्ग अडविला, असा एक इंग्रज गृहस्थ म्हणजे विल डे. जन्म १८७३ चा. धंदा लंडनमध्ये सिनेमाची उपकरणे विकण्याचा. जॉन बेअर्डच्या दूरचित्रवाणीच्या प्रयोगांत प्रारंभीच दोनशे पौंड गुंतविणारे डे ते हेच.

जादूचे दिवे, फिरत्या चित्रांची खेळणी आणि आरंभकाळचे कॅमेरे त्यांनी जमविले. १९२२ पासून हा संग्रह लंडनच्या विज्ञान संग्रहालयात मांडलेला होता. मांडावयाचा म्हणजे काम सोपे नव्हे. जुना कॅमेरा बंद ठेवला तर ती केवळ भिंग बसविलेली लाकडी पेटी. तिचे दार उघडले म्हणजे मात्र युक्ती कळते: हातदांडा फिरतो, बारीक नख फितीच्या कडेच्या छिद्रात शिरून तिला एक घर खाली ओढते, फीत क्षणभर थबकते, आणि तेवढ्यात प्रकाश आत येऊन जातो. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला फेरे दोन; वेग सांभाळावयाचा तो मनगटाने. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही असाच हाताने फिरवावयाचा होता.

डे यांचा एक हट्ट होता. चलच्चित्राचा खरा जनक विल्यम फ्रीझ-ग्रीन हा इंग्रजच, असे ते आग्रहाने मांडीत. पुढील संशोधकांनी हा दावा फारसा टिकू दिला नाही. संग्राहकाचे प्रेम न्यायाधीशाच्या कामी येत नाही, हे खरे. तथापि यंत्रे राखली गेली म्हणूनच तो दावा तपासता आला, हेही तितकेच खरे. पंचवीस हजार वर्षे माणूस सावली पकडू पाहात आहे, अशा अर्थाच्या नावाचा इतिहासग्रंथही त्यांनी लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

संग्रह विकण्यासाठी त्यांनी सचित्र सूचीही छापली होती. परंतु १९३६ साली त्यांचे निधन झाले तरी सौदा जुळला नव्हता. पुढे मुलांनी खटपट केली, तेव्हाही इंग्लंडमध्ये पैसे मोजणारा निघाला नाही. चित्रपटांच्या जतनाने झपाटलेल्या आंरी लांग्ल्वा यांनी मात्र फ्रेंच सरकारला गळ घातली, आणि १९५९ मध्ये सारा संग्रह पॅरिसच्या सिनेमाथेकसाठी खरेदी झाला.

१९९७ साली तेथील चित्रपट-संग्रहालयाच्या इमारतीस आग लागली, यंत्रे वाचली. फ्रीझ-ग्रीनच्या कीर्तीसाठी झगडलेल्या माणसाचा संग्रह आज लूमिएर बंधूंच्या देशात आहे, आणि तो पाहण्यासाठी इंग्रजास खाडी ओलांडावी लागते.