पोट उघडलंच आहे तर...

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ताईच्या गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली, तीही खाली, बाळाच्या वाटेवर. आठव्या महिन्यातही ती तिथेच होती, म्हणजे सिझर नक्की. मावशीचा लगेच फोन, ''पोट उघडणारच आहेत तर गाठही काढून टाका म्हणावं. दोनदा कशाला फाडायचं?'' मला पटलं. सर्व्हर बंद ठेवलाच आहे तर दोन्ही कामं उरकून घ्या, हे आमचं ऑफिसातलं रोजचंच लॉजिक. डॉक्टर मात्र लगेच हो म्हणेनात. त्या रात्री वाचत बसलो आणि इटलीतल्या पाव्हिया गावात पोचलो.

21 मे 1876. ज्युलिया कावालिनी, वय 25, पहिलंच बाळंतपण, उंची पाच फुटांहून कमी. मुडदुसाने ओटीपोटाची हाडं इतकी वाकडी झाली होती की मूल त्यातून बाहेर येणं शक्यच नव्हतं. अशा वेळी बहुतेक डॉक्टर बाळाचं डोकं पोटातच फोडून त्याला तुकड्यांनी बाहेर काढत, म्हणजे निदान आई वाचायची. कारण सिझर म्हणजे आईचं मरणच. पॅरिसमध्ये 1787 ते 1876 या काळात सिझरनंतर एकही बाई जगली नव्हती, असं सांगतात.

का मरायच्या? आज विश्वास बसणार नाही, पण गर्भाशयाला टाकेच घालत नसत. ते आपोआप आकसेल, आणि आत राहिलेल्या टाक्यांना उलट पू होईल, अशी समजूत होती. पोट शिवायचं, आतली जखम तशीच उघडी. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाई रक्तस्रावाने तरी जायची, नाहीतर नंतर पोटात पू होऊन.

ज्युलियाचे डॉक्टर एदुआर्दो पोर्रो यांनी या प्रश्नावर एक भयंकर उत्तर काढलं. जिथून रक्त येतं, जिथे पू होतो, ते गर्भाशयच काढून टाकायचं. क्लोरोफॉर्म दिला, मुलगी जिवंत बाहेर काढली. रक्त थांबेना. मग गर्भाशय मुळाशी तारेने आवळून कापलं आणि उरलेलं टोक पोटाच्या जखमेतच बाहेर ठेवलं. मायलेकी दोघी जगल्या. पोर्रोंनी त्याच वर्षी यावर पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकात गर्भाशय कापण्याला त्यांनी सिझेरियनला 'पूरक' म्हटलं आहे. तो शब्द वाचून मी थबकलो. जीव वाचला हे खरंच, पण पंचविसाव्या वर्षी पुढची सगळी बाळंतपणं संपली, हेही त्या 'पूरक'मध्येच आलं.

पुढे युरोपभर हे ऑपरेशन होऊ लागलं, पण ते फार दिवस पहिली पसंती राहिलं नाही. 1882 मध्ये लाइपझिगच्या मॅक्स झेंगरने (तेव्हा माझ्याच वयाचा) चांदीच्या तारेने आणि रेशमाने गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली. टाके आधीही काहींनी घातले होते, पण पद्धत बसवली ती त्याने. रक्त टाक्यांनी थांबतंय म्हटल्यावर अवयव कशाला कापायचा? पोर्रोंचं ऑपरेशन मग निरुपाय झाला तरच, एवढं उरलं.

म्हणजे बाळंतपणाच्याच वेळी दुसरं ऑपरेशन हे कोणी सोय म्हणून शोधलेलं नव्हतं. आणि गाठ कापायची म्हणजे त्याच रक्ताने भरलेल्या भिंतीत आणखी एक जखम करायची. बाळंतपणानंतर हा रक्तपुरवठा कमी होतो, गाठही बऱ्याचदा लहान होते. डॉक्टर का अडखळले ते मला तेव्हा कळलं. मावशीला समजावताना अर्धा तास गेला, तो भाग सोडतो.

संमतीपत्रात एक ओळ होती : गरज पडल्यास गर्भाशय काढण्यास संमती. ताईने बोट ठेवून विचारलं, ''हे कधी करता?''

''रक्त कशानेच थांबलं नाही तर.''

तिने सही केली. मग म्हणाली, ''गाठ कापाच्या रेषेतच आली तर बघा. नाहीतर हात लावू नका.''

गाठ अजून तिथेच आहे. भाची दीड वर्षाची झाली.