वाइनरी टूर आणि तंबूतली रात्र: ग्रुपने जाताय तर परवान्याचं गणित समजून घ्या

जानेवारीतला शनिवार, पहाटेचे साडेपाच. लालबागला भारतमातापाशी पाच जण चढतात, परळला तिघं आणि उरलेली मंडळी दादर पूर्वेला स्वामीनारायण मंदिरासमोर. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर निघते. प्लॅन ठरलेला असतो. दुपारी वाइनरी, संध्याकाळी भंडारदऱ्याला तंबू, रविवारी नाशिकला दुसरी वाइनरी आणि रात्री घर.

ट्रेकिंग क्लब, जिमखान्याचे सभासद, ऑफिसचे ग्रुप, अगदी गणेशोत्सव मंडळातली तरुण पोरंसुद्धा हल्ली असा वीकेंड आखतात. दोन दिवसांत बसतो आणि वर्गणीत भागतो. पण यात एक मेख आहे. वाइनरीच्या आवारात जे बिनधास्त चालतं, तेच तंबूबाहेर बसून केलं तर पोलीस केस होऊ शकते. वाइन तीच आणि माणसंही तीच, फक्त जागा बदलते.

नाशिकच का?

महाराष्ट्रात वाइनची पहिली मोठी सुरुवात नाशिकची नाही, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फेसाळती वाइन बनवायला घेतली. नाशिककर तेव्हा खायची द्राक्षं पिकवण्यात दंग होते. 1990च्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. 2001मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि 2010मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

मुंबईकरांच्या दृष्टीने वाइनरींचे दोन पट्टे आहेत. कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीच्या आसपास गेलं की कावनईची व्हॅलोन आणि सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा. नाशिकच्या पुढे गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क, सोमा. भंडारदऱ्याचा रस्ता घोटीतूनच फुटतो, त्यामुळे शनिवारी इगतपुरीचा पट्टा आणि रविवारी गंगापूरचा, असं केलं की उलटसुलट फेरा पडत नाही.

कधी जायचं? आणि 26 जानेवारीचा घोळ

युरोपात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकला ती जानेवारी ते मार्चमध्ये होते, कारण इथला वेल हिवाळ्यात झोपत नाही, त्याला छाटणीने वळण लावावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळा उलटताना सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी घड तयार होतात. नेमके याच दिवसांत अवकाळी पाऊस आला की बागायतदाराचं वर्ष हातचं जातं.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर क्रेटमधून आलेली द्राक्षं, गाळणी, टाक्यांमध्ये आंबणारा रस असं सगळं चालू स्थितीत दिसतं. जुलैत डोंगर हिरवेगार, पण कारखाना बऱ्यापैकी शांत. काही ठिकाणी पायाने द्राक्षं तुडवण्याचा खेळ असतो. तो फोटोपुरता, खरी वाइन मशीनवरच गाळली जाते.

आता घोळ. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्या की ग्रुपवर सगळ्यात आधी त्याच तारखा पडतात. पण 26 जानेवारी ड्राय डे असतो. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरही. त्या दिवशी वाइन विकता येत नाही आणि पाजताही येत नाही. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तासही तसेच. बुकिंगचे पैसे भरण्याआधी तारखेची खात्री करा.

टूरमध्ये नेमकं काय बघायचं?

बरेच लोक थेट चाखायच्या टेबलाकडे धावतात. त्याआधीचा अर्धा तास जास्त मजेचा असतो. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं. शिराझ किंवा काबरने सोव्हिन्यों हे लाल वाइनचे वाण सालीसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो आणि जिभेला तुरट लागतं. शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच गाळून घेतात. लाल वाइन पुढे बऱ्याचदा ओकच्या पिंपात मुरते, पांढरी बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीतच राहते.

चाखताना प्रत्येक वाइनचे दोन-तीन घोट मिळतात. पाच-सहा प्रकार झाले की बेरीज एक-दोन ग्लासांवर जाते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकणं ही तिथली रीतच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परवाना: दादरच्या ‘परमिट रूम’पासून तंबूपर्यंत

मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने ‘परमिट रूम’ची पाटी बघितलेली असते. ती आली 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. पुढे ती सैल झाली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात मद्य विकत घेणं, बाळगणं, नेणं आणि पिणं यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइनही काढता येतो. एका दिवसाच्या परवान्याला अगदी किरकोळ पैसे लागतात. तो माणसाच्या नावावर असतो, ग्रुपच्या नावावर नाही. सेक्रेटरीने स्वतःचा काढला म्हणजे सतरा जणांचा झाला, असं होत नाही.

वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं, बाकी मद्यासाठी 25. ग्रुपमध्ये कॉलेजची मुलं असतील तर ओळखपत्राशिवाय कुणाला गाडीत घेऊ नका.

वाइनरीकडे आपल्या आवारात वाइन विकायचा आणि पाजायचा परवाना असतो. तुमच्याकडचा परवाना मात्र उघड्यावर बसून पिण्याची मोकळीक देत नाही. धरणाचा काठ, रस्त्याकडेची टपरी, गड ही सगळी सार्वजनिक ठिकाणं. कॅम्पवाल्याकडे स्वतःचा परवाना नसेल तर त्याला वाइन विकता येत नाही, पॅकेजमध्ये ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून देताही येत नाही. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तिथे वनखात्याचे नियम लागू होतात आणि शेकोटीसुद्धा मनाला येईल तिथे पेटवता येत नाही. म्हणून बुकिंग करतानाच विचारा की तंबू खासगी जागेत आहेत की वनहद्दीत.

खरं तर तंबूची रात्र कोरडी ठेवलेलीच बरी, आणि ते फक्त कायद्यामुळे नाही. डिसेंबर-जानेवारीत या भागात कडाक्याची थंडी पडते. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता उलट भराभर बाहेर जाते. तंबूत कोळशाची शेगडी घेऊन झोपणं तर जिवावरचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पिऊन धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. काठ उथळ वाटतो आणि पुढच्याच पावलाला तळ सुटतो.

ड्रायव्हर आणि वर्गणी

मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. साधारण 60 किलोच्या माणसाला वाइनचा एक मोठा ग्लासही या मर्यादेपलीकडे नेऊ शकतो. त्यामुळे ‘दोनच घोट घेतले’ म्हणणाऱ्याच्या हातात कसारा घाटात स्टिअरिंग द्यायचं नाही. भाड्याची गाडी आणि न पिणारा ड्रायव्हर हाच सरळ मार्ग. ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपायची नीट सोय करा, कारण बहुतेक ग्रुप तेच विसरतात. गाडी नको असेल तर दादरहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस नाशिक रोडला सोडते, तिथून पुढे टॅक्सी.

भांडणं मात्र बहुतेक वेळा पैशांवरून होतात. सरसकट वर्गणी काढली की न पिणारे दुसऱ्यांच्या वाइनचे पैसे भरतात, आणि पुढच्या ट्रिपला येत नाहीत. प्रवास, तंबू, जेवण यांची एक वर्गणी आणि टेस्टिंगचे पैसे ज्याचे त्याने, असं सुरुवातीलाच ग्रुपवर लिहून टाका. वाइनरीच्या आवारात न पिणाऱ्यांनाही फिरता येतं, जेवता येतं. त्यांच्यासाठी वेगळं तिकीट आहे का, ते आधी विचारा.

राहिला प्रश्न घरी न्यायच्या बाटल्यांचा. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली होती. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्यामुळे वाइनरीतून बाटली आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. आणायला हरकत नाही, पण सीलबंद आणि परवान्याच्या मर्यादेत. ज्याच्या नावावर बिल, त्याच्याच बॅगेत बाटली. आणि वाटेत गाडी अडवली तर दाखवायला ते बिल वरच्या कप्प्यात ठेवा.